तिसऱ्या घराचा गंधार

९ जानेवारी

बारक्या,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकू नकोस. इथे सगळे ठणठणीत आहेत. कोणी आजारी नाही, कोणी गेलेलं नाही आणि मला तुझ्याकडून काही नकोय. फोनच केला असता, पण माझा नंबर दिसला की तू उचलत नाहीस. पत्ता तुझ्या लेकीने दिला. तिला रागावू नकोस. आत्याने फार गळ घातली, म्हणून दिला तिने.

सांगायचं असं, की मी माउथ ऑर्गन परत हातात घेतलाय. छप्पन्नाव्या वर्षी. तुझे दाजी म्हणतात, "लोकांच्या कवळ्या बनवता बनवता स्वतःला कवळी लागायची वेळ आली, आणि आता हिला बाजा वाजवायचाय."

झालं काय, आमच्या दातांच्या लॅबमध्ये कधीमधी टाळूच्या प्लेटचंही काम येतं. ज्यांच्या टाळूला जन्मापासून भोक असतं त्यांच्यासाठी. प्लेट मी बनवते, आणि ती बसवल्यावर माणसाला नीट बोलायला शिकवतात ते वरच्या मजल्यावरचे स्पीच थेरपिस्ट. मी त्यांना वाचावाले म्हणते, त्यांनाही ते चालतं. चाळिशीचा, शिडशिडीत, हळू बोलणारा माणूस. महिन्यापूर्वी एक प्लेट घासून घ्यायला खाली आले, तर खिशातून माउथ ऑर्गनचं टोक दिसत होतं. मी म्हटलं, मीही वाजवते. ते म्हणाले, वाजवा बघू. स्टेशनसमोरच्या हॉटेलात आपण शनिवारी वाजवायचो त्यातलंच एक वाजवलं. ऐकून घेतलं त्यांनी सगळं. मग म्हणाले, "बाई, तुम्ही फुंकता फार छान. वाजवायला कधी शिकणार?"

दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर हातातली फाइल फेकून मारली असती. पण ते हे इतक्या साधेपणाने बोलले, की मी विचारलं, "मंगळवारी चालेल?"

तर आता दर मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत माझी शिकवणी असते. आपल्या दोघांत नेमकं काय बिनसलं होतं, ते मला आता धड आठवतही नाही. नऊ वर्षं झाली. जाऊ दे.

ताई


६ फेब्रुवारी

बारक्या,

उत्तर नाही आलं. येईल अशी अपेक्षाही नव्हती. पण पत्र परतही आलं नाही, म्हणजे पत्ता बरोबर आहे.

एक गंमत सांगते. वाचावाल्यांनी पहिल्याच मंगळवारी सांगितलं, की या वाद्यात ब्लूज, म्हणजे आपण हॉटेलात वाजवायचो तसली अमेरिकन गाणी, वाजवायची तर फुंकायचं कमी आणि श्वास आत ओढायचा जास्त. आपण इतकी वर्षं उलटंच करत होतो. म्हणजे मी करत होते. फुंकायची दहा भोकं, म्हणजे घरं असतात ना, त्यातलं दुसरं घर आत ओढलं की तिथे सा धरायचा आणि सगळं गाणं त्याच्याभोवती. मी ओढलं, तर घर मुकं. घुसमटल्यासारखा आवाज. म्हटलं, आतली पितळी पत्ती बिघडलीय. लॅबमध्ये नेऊन बारीक स्क्रू काढले, भिंगाखाली पत्ती तपासली, ब्रशने साफ केली. चांगला अर्धा तास गेला. मंगळवारी वाचावाल्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, हा बिघडलाय. त्यांनी तोंडाला लावला आणि दुसरं घर असं वाजलं, की पलीकडच्या टेबलावर पॉलिश करणारी मुलगी मशीन बंद करून बघायला लागली.

ते म्हणाले, "वाद्य बिघडलंय असं सगळ्यांनाच वाटतं. घसा आवळून ओढता तुम्ही. पोटातून घ्या. जांभई देताना घेता तसा."

तीन आठवडे मी जांभया देत हिंडले. दाजींनी विचारलं, "रात्री झोप होत नाही का?" शेवटी एका दुपारी प्लास्टरच्या खोलीत, जिन्याकडे पाठ करून उभी होते, आणि ते दुसरं घर मोकळं झालं. काही विशेष केलं नव्हतं. उलट करायचं थांबवलं होतं. भरला, गोल सूर. मी त्या एका सुरावर पंधरा मिनिटं उभी होते. इतकं बरं मला फार दिवसांत वाटलं नव्हतं.

मागच्या पत्रात लिहिलं, की काय बिनसलं ते आठवत नाही. ते खरं नाही, आठवतं. तू विचारलंस, "ताई, खरं सांग, माझ्या गळ्यात गाणं आहे का?" आणि मी सांगितलं, की नाही. तू बेसूर गातोस, लोक तोंडावर बोलत नाहीत इतकंच. पण तूच विचारलं होतंस ना? विचारल्यावर मोठ्या बहिणीने खरं सांगायचं नाही तर कोणी सांगायचं? मला तेव्हा जे वाटलं ते मी सांगितलं.

ताई


१९ मार्च

बारक्या,

सूर वाकवायला लागले मी.

तू गिटारची तार बोटाने ओढून सूर चढवायचास, तसं इथे उलटं. श्वास ओढता ओढता तोंडाचा आतला आकार बदलायचा, की सूर खाली वाकतो. बाहेरून काही दिसत नाही, सगळा कारभार जिभेचा. वाचावाले यात पटाईत, कारण दिवसभर ते लोकांच्या जिभाच हलवत असतात. म्हणाले, "मनात 'ई' म्हणा. आवाज काढायचा नाही, फक्त जीभ तिथे न्या. आता श्वास न तोडता 'ऊ'वर या." मी आले. काही झालं नाही. पुन्हा. पुन्हा. चौथ्या घरावर पाच आठवडे 'ई' आणि 'ऊ' केलं. बसमध्ये शेजारची बाई उठून दुसऱ्या सीटवर जाऊन बसली.

आणि मग एकदा सूर वाकला. घसरगुंडीवरून खाली आल्यासारखा. मी इतकी हसले, की पुढचा अर्धा तास ओठ जुळेनात.

मला वाटलं, आता गड जिंकला. वाचावाले म्हणाले, आता तिसरं घर.

हे तिसरं घर म्हणजे हट्टी सासू आहे. बाकीची घरं वाकली तर वाकली, नाही तर नाही. याच्या पोटात मात्र तीन पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीवर नेमकं थांबता आलं पाहिजे. नुसतं ओढलं की शुद्ध ग. एक पायरी वाकवला की कोमल ग. मी लहानपणी पेटीच्या चार परीक्षा दिलेली, मला वाटलं, हे तर येतंच. फोनवर सूर दाखवणारं ॲप लावलं, काटा बघत बघत कोमल गवर अचूक थांबायला शिकले आणि ऐटीत वाजवून दाखवलं.

वाचावाल्यांनी मान हलवली. "सुरेल आहे. पण ब्लूजचा ग तिथे नसतो."

"मग कुठे असतो? शुद्ध?"

"तिथेही नसतो. दोघांच्या मधे."

"मधे काही नसतं," मी म्हटलं. "पेटीवर मधे पट्टीच नाही."

"पेटीवर नाही," ते म्हणाले. मग त्यांनी वाजवून दाखवला. तो ग ना रडका होता ना हसरा. एखादा माणूस काहीतरी सांगायला तोंड उघडतो आणि मग म्हणतो, जाऊ दे, तसा होता.

मंगळवारपासून तोच शोधतेय. सापडतो आणि निसटतो. पत्र इथेच थांबवते.

ताई


२ एप्रिल

बारक्या,

वाचावाल्यांनी सांगितलं, की आधीचं एखादं रेकॉर्डिंग असेल तर ऐका, किती सुधारलात ते कळेल. दाजींच्या जुन्या फोनमध्ये आपला हॉटेलातला शेवटचा शनिवार होता. फोन चार्ज व्हायलाच दोन तास लागले.

आधी स्वतःचं सांगते. मी भयंकर वाजवत होते रे. सुधारणा कळावी म्हणून ऐकायला बसले होते, कानावर हात ठेवायची पाळी आली. एका वेळी दोन-दोन घरं वाजतायत, आणि थांबायचं नाव नाही. तू गातोयस आणि मी तुझ्या प्रत्येक शब्दावर भुंकतेय. तू दोन ओळींमधे श्वास घ्यायला थांबलास, तर तिथेही मी. लोकांनी कसं सहन केलं कोणास ठाऊक. तू कसं केलंस?

मग तुझं गाणं ऐकलं. तो बेसूर ग, ज्याच्यावर मी बोट ठेवलं होतं. आठवतंय मला काय म्हटलं होतं ते. "तुझा ग ना कोमल लागतो ना शुद्ध. लटकतो."

ॲप लावून फोनसमोर धरलं. मी वाजवत नव्हते अशा चार जागा कशाबशा सापडल्या. चारही ठिकाणी काटा दोन्ही गंधारांच्या मधे उभा राहिला. जरा इकडे नाही, जरा तिकडे नाही, चारही वेळा एकाच ठिकाणी. माणूस बेसूर असला तर चार वेळा चार ठिकाणी चुकतो. एकाच जागी चार वेळा जाऊन उभा राहणारा माणूस चुकत नसतो, त्याला ती जागा माहीत असते.

जी जागा मी दोन आठवडे जीभ मोडून शोधतेय, ती तुला कोणी न शिकवता ठाऊक होती.

माझ्या कानाला तेव्हा कळलं नाही. पेटीवर घडलेला कान. चूक झाली माझी.

ताई


११ एप्रिल

बारक्या,

मागचं पत्र टाकलं त्या दिवसापासून नीट वाजत नाहीये. मंगळवारी वाचावाले म्हणाले, "आज श्वास वरच्या वर घेताय." मी म्हटलं, सर्दी आहे.

सर्दी नव्हती. 'कानाला कळलं नाही' असं लिहून मी सोयीस्कर सुटले होते. कळलं होतं.

त्या शनिवारी तुझं गाणं चालू असताना माझ्या अंगावर काटा आला होता. पहिल्यांदा नाही, नेहमीच यायचा. मी तुझ्या गाण्यावर न थांबता वाजवत राहायचे, त्याचं ते एक कारण असेल. गाणं संपल्यावर तू वायरी गुंडाळत होतास, आणि हॉटेलचा मॅनेजर मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुमच्या भावाला पुढच्या महिन्यापासून मोठ्या हॉलमध्ये ठेवायचं म्हणतोय. एकट्याला. तुम्ही समजून घ्याल." मी म्हटलं, "मी सांगते त्याला."

दहा मिनिटांनी तू येऊन विचारलंस, गळ्यात गाणं आहे का म्हणून. तुला काही माहीत नव्हतं. तू नेहमीसारखाच मला विचारत होतास. शाळेत निबंध दाखवायचास तसं.

आणि मी तुला ते सांगितलं. मॅनेजरचं सांगितलं नाही. पुढच्या शनिवारी तू गायला आलाच नाहीस, तेव्हा त्याला म्हटलं, भावाची इच्छा नाही. चार महिन्यांनी तू फ्रिज दुरुस्तीचं काम घेऊन तुझं हे आताचं शहर गाठलंस. नंतर एकदा आपण सगळे जेवायला बसलो होतो, तू काहीतरी गुणगुणत होतास, आणि मी सवयीने म्हटलं, "ग सांभाळ." तू ताटावरून उठलास. म्हणालास, "तुझ्या शब्दावर मी गाणं सोडलं. आता गुणगुणायलाही परवानगी काढायची का?" ते आपलं शेवटचं बोलणं.

तुला इतकंच वाटत असेल, की ताईने मत दिलं आणि ते कठोर होतं. ते मत नव्हतं. मला माहीत होतं, तू चांगला गातोस. मी खोटं बोलले, कारण मला एकटीला मागे राहायचं नव्हतं.

दाजींना हे कालपर्यंत माहीत नव्हतं. त्यांना सांगितलं, मग तुला लिहायला बसले. त्यांनी ड्रॉवरमधून पाकीट काढून दिलं. मग म्हणाले, "पाकिटावर पिनकोड नीट घाल."

माफ कर असं लिहिणार होते, पण ते तुझ्यावर ओझं टाकल्यासारखं होईल. मी चुकले, इतकंच लिहिते.

ताई


२३ मे

बारक्या,

तुझ्या लेकीचा फोन आला होता. म्हणाली, "आत्या, बाबांनी सगळी पत्रं वाचलीत. शेवटचं दुकानात घेऊन गेलेत." एवढंच. मी पुढे विचारलं नाही.

तू लिहावंस म्हणून मी लिहीत नाहीये, आता सवयच झालीय. बरं वाटतं.

महिन्यातून दोन रविवारी सकाळी, आमची लॅब ज्या दवाखान्यात आहे तिथल्या व्यायामाच्या हॉलमध्ये वाचावाल्यांचं टोळकं जमतं. रक्त तपासणारा गिटार वाजवतो, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर लाकडी खोक्यावर बसून तेच बडवतो. समोर पाच-दहा पेशंट, कोणी चाकाच्या खुर्चीत. मला बोलावलं. मी घाबरून पहिल्या गाण्यात परत जुन्यासारखं सुरू केलं, थांबेचना. ड्रायव्हर खोक्यावरूनच म्हणाला, "मावशी, सिग्नल लागलाय."

सगळे हसले, मीही हसले. आणि थांबले.

वाचावाल्यांनी नंतर समजावलं. या गाण्याचे चार-चार मात्रांचे बारा खण असतात, ते संपले की पुन्हा पहिल्यापासून. म्हणाले, "पुढच्या वेळी बारापैकी आठ खण काहीच वाजवू नका. फक्त मोजा." मी म्हटलं, मला वाटायचं ब्लूज म्हणजे दुःखाचं गाणं. ते म्हणाले, "दुःख असो नसो, खण मोजावे लागतात."

पुढच्या रविवारी मोजत बसले. आठ खण गप्प बसायचं म्हणजे काय, ते मलाच माहीत. पण गंमत अशी, की गप्प बसल्यावर बाकीचे ऐकू यायला लागले. गिटारवाला सातव्या खणात दर वेळी जरा थबकतो. ड्रायव्हर डावी टाच आपटतो. मग माझी पाळी आली तेव्हा काय वाजवायचं ते त्यांनीच सांगून ठेवलेलं होतं जणू. मी मोजून पाच सूर वाजवले. दोन्ही हातांची ओंजळ वाद्याभोवती धरून हळूच उघडली, की आवाज उमलतो. ते मला छान जमतं, मेणाच्या कामाने हात तयार आहेत. त्या पाचात तिसऱ्या घराचा तो मधला ग होता. लागला. नंतर एक आजोबा, पक्षाघाताच्या झटक्यानंतर वाचावाल्यांकडे बोलायला शिकतायत, ते एकेक अक्षर जुळवत म्हणाले, "प-र-त."

आम्ही परत वाजवलं.

खरं सांगू? मी मजेत आहे. तुझं कोडं न सुटताही मजेत आहे, याची थोडी लाज वाटते.

ताई


१ जुलै

बारक्या,

तुझ्या लेकीने फोनवर पाठवलेलं गाणं मिळालं. खाली तुझे दोनच शब्द: "खरं सांग."

तीन दिवस ऐकलं. मग लिहायला बसले. क्रमाने सांगते.

सुरुवात घाईत झालीय. गिटार स्थिर व्हायच्या आत तू शब्द टाकलास. नऊ वर्षांनी गाताना हे होणारच. दुसऱ्या कडव्यात शेवटच्या शब्दाला श्वास पुरत नाही आणि तिथे सूर खरोखर उतरलाय. हे कान लावून, ॲप लावून, दोन्हीकडून सांगतेय. शब्दाच्या आधी चोरून एक श्वास घे, जागा आहे. गिटारची सगळ्यात बारीक तार केसभर उतरलेली आहे. मागे फ्रिजचा कॉम्प्रेसर गुरगुरतोय, तो बंद ठेवत जा. म्हणजे गिऱ्हाइकाचा नसेल तर.

आवाज आधीपेक्षा जाड झालाय. मला आवडला. आधी सुंदर होता, आता त्याच्यावर विश्वास बसतो. आणि ग, बारक्या, जागच्या जागी आहे. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत.

माझ्या एकटीच्या शब्दावर मात्र आता कधीच जाऊ नकोस. म्हणून वाचावाल्यांना ऐकवलं, कोण गातोय ते न सांगता. श्वासाचं त्यांनीही बरोबर पकडलं. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "हा माणूस राहतो कुठे? रविवारी येईल का?" मी म्हटलं, विचारून सांगते. तर विचारतेय.

आता एक राहिलं. दुसऱ्या कडव्यानंतर तू गातच नाहीस. नुसती गिटार चालू राहते. मला वाटलं, शब्द विसरलास. तुला नेमकं हेच लिहिणार होते, की पाठांतर कर. दाजी शेजारी पेपर वाचत होते. त्यांना सा आणि रे मधला फरक कळत नाही, तुला माहीतच आहे. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "विसरला कशाने? तो तुझ्यासाठी थांबलाय."

मी परत लावलं आणि मोजलं. बरोबर बारा खण. तेराव्याला तू पुन्हा गायला सुरुवात करतोस.

पुढचं काही वेळ मला ऐकू आलं नाही. दाजींनी चहा केला.

मग प्लास्टरच्या खोलीत जाऊन दार लावलं, तुझं गाणं सुरू केलं आणि त्या बारा खणांत वाजवलं. पहिल्यांदा बाराच्या बारा भरून टाकले, जन्माची खोड. दुसऱ्यांदा निम्मे. आज सकाळी फक्त चार खण वाजवलं, बाकी तुझ्या गिटारला सोडलं, ती काय म्हणतेय ते ऐकलं. तेच दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करून तुझ्या लेकीकडे पाठवलंय. दहाव्या खणात माझा एक सूर फाटलाय. पुन्हा करता आलं असतं, पण तसाच ठेवला.

ऐक, आणि तूही खरं सांग.

ताई